एक घर डावीकडे

१

चोरी झाली होती ती डोक्यातून. कुलूप तोडलेलं नव्हतं, खिडकी फोडलेली नव्हती, आणि ज्याचं ते डोकं त्याच्या केसालाही धक्का लागलेला नव्हता. अर्थात धक्का लागायला आधी केस असावे लागतात.

डोकं वजीरफेक्यांचं. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. जन्मभर नद्यांवर पूल बांधून निवृत्त झालेला हा इंजिनिअर दर आठवड्याला बुद्धिबळ मंडळाच्या जिन्यात, भिंतीवरच्या मोठ्या लाकडी पटावर एक कोडं लावायचा: पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात. आणि दर आठवड्याला उत्तर एकाच जातीचं निघायचं. पांढरा आपला सगळ्यात मोलाचा मोहरा, म्हणजे वजीर, शत्रूच्या तोंडात फुकट नेऊन टाकायचा, आणि शत्रू तो घास गिळतोय तोवर मात होऊन गेलेली असायची. इतक्या सढळ हाताने वजीर फेकणारा माणूस मंडळाने दुसरा पाहिला नव्हता, म्हणून हे नाव पडलं. त्यांना ते आवडायचं. फक्त दारावरच्या पाटीवर घालू नका, एवढी विनंती त्यांच्या पत्नीने केली होती.

रविवारी मंडळाची कोडी सोडवण्याची वार्षिक स्पर्धा संपली. शेवटचं कोडं वजीरफेक्यांचंच होतं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचून ते स्टुलावर चढले. कोडं लावायला ते स्टुलावर चढत आणि बोलायलाही, सवयच होती.

"यातल्या एका चिठ्ठीत वजिराचा बळी दिलाय," ते म्हणाले. "या पटावर तो बळी चालत नाही. बघा कोणीही. पण माझ्या डोक्यात जे उत्तर होतं ते अगदी हेच आहे, खेळीला खेळी. माझ्या डोक्यातलं या चिठ्ठीत कसं आलं, हे ज्याचं त्याने सांगावं. चिठ्ठीवर नाव आहे. माझ्या सुनेचं."

सभागृहातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि दाराबाहेर जिन्यातल्या भिंतीवरचे मोहरेसुद्धा अवघडल्यासारखे दिसायला लागले.

"पटावर एक आणि डोक्यात एक, असं कसं झालं हो?" मागून कोणीतरी विचारलं.

"तो माझा प्रश्न."

"वय," मंडळाचे विजेते वकीलसाहेब शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. ते कुजबुजले तरी शेवटच्या रांगेत ऐकू यायचं, कोर्टाची सवय.

सून उठली. तिने पर्स घेतली. ती रडली नाही, भांडली नाही. दारापाशी गेल्यावर मात वळली आणि सासऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या शंकासुराला ते अजिबात पटलं नाही. माणसाला भर सभेत चोर म्हणावं आणि त्याने म्हणणाऱ्याकडे काळजीने बघावं, हे काही बरोबर नव्हे.

२

शंकासूर हाही मंडळाचाच सभासद, आणि वजीरफेक्यांचा शाळेपासूनचा मित्र. विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांची छाननी करण्यात त्याचं आयुष्य गेलं. आग आधी लागली की विमा आधी उतरवला, हे तो राखेकडे बघून सांगायचा. त्याची बायको म्हणायची, "आमच्या ह्यांना मी पहिल्यांदा आवडते म्हणाले, तर ह्यांनी पुरावा मागितला." बुद्धिबळ मात्र तो इतकं वाईट खेळायचा की मंडळात नवखा माणूस आला, की हुरूप यावा म्हणून आधी त्याला शंकासुराशी खेळवत.

सोमवारी सकाळी वजीरफेक्यांच्या पत्नीचा फोन आला.

"भाऊजी, मुलगा आणि सून आज संध्याकाळी घर सोडून चाललेत. भाड्याची जागाही बघून ठेवलीय. ह्यांना म्हटलं, चुकलं म्हणा. तर म्हणतात, पुराव्यानिशी बोललोय. तुम्ही या. तुमच्याइतका पुराव्याचा नाद दुसऱ्या कोणाला नाही."

शंकासूर पोचला तेव्हा वजीरफेके खुर्चीत ताठ बसले होते. एखाद्या खचलेल्या पुलाने मान्यच करायचं नाही असं ठरवलं तर तो असाच दिसेल.

"पटावर आणि डोक्यात फरक कसा?" शंकासुराने सरळ विचारलं. "आणि मला 'तो माझा प्रश्न' म्हणू नकोस. तुझे सगळे प्रश्न शाळेपासून मीच निस्तरतोय."

वजीरफेक्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "सापळा होता. वर्षभर कोणीतरी माझ्या कोड्यांची उत्तरं जिन्यातल्या पेटीत टाकतंय. पहिल्याच दिवशी, बिननावाची, आणि एकही चूक नाही. वकीलसुद्धा कधी कधी चुकतो. न चुकणारा माणूस सोडवत नसतो, चोरत असतो."

"मग?"

"मग स्पर्धेला मी एक कोडं रचलं, आणि पटावर लावताना त्यातलं पांढरं प्यादं मुद्दाम एक घर डावीकडे ठेवलं. त्या जागी बळी फसतो. पटाकडे बघून सोडवणारा लिहील, मात नाही. माझ्या डोक्यातलं चोरणारा लिहील, वजीर द्या. आता कळलं?"

"हे कोणाला सांगितलंस?"

"सापळा कुठे लावला ते शिकारी सांगत नसतो. तुला पहिल्यांदा सांगतोय. घरात सुनेला सामील कोण आहे तेही अजून कळायचंय."

"अस्सल कोडं घरात कुठे मांडून ठेवलं होतंस?"

"कुठेच नाही. मी घरी पट ठेवतच नाही. कोडी मी आंघोळीला रचतो."

शंकासुराने हे आदराने ऐकून घेतलं. माणूस पाण्याखाली असताना त्याच्या डोक्यातून चोरी झाल्याचा दावा विमा कंपनीतही त्याच्याकडे कधी आला नव्हता.

"आणि रचताना पुटपुटतोस?"

वजीरफेक्यांचा चेहरा पडला. "पुटपुटतो," ते म्हणाले. "आणि न्हाणीघराची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. तिथेच तर सगळं आलं."

३

सत्यशोधनासाठी शंकासूर कपड्यांसकट न्हाणीघरात शिरला, नळ सोडला, आणि आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या खेळ्या मोठ्याने पुटपुटला. फार नव्हत्या. मग स्वयंपाकघरात वजीरफेक्यांच्या पत्नीला विचारलं, "वहिनी, काय ऐकू आलं?"

"पाणी," त्या म्हणाल्या. "आणि मधून मधून कोणीतरी 'हं' म्हटल्यासारखं. ह्यांचंही तसंच असतं. हं. नाही. हं. जमलं. बत्तीस वर्षं ऐकतेय. 'जमलं' म्हटलं की मी टॉवेल देते. त्यातून कोणाला बुद्धिबळ कळत असेल तर त्याची पूजाच करायला हवी."

तो रस्ता बंद झाला. शंकासुराने ओल्या बाह्या पिळल्या आणि तो मुलाच्या खोलीत गेला. मुलगा बसगाड्यांची वेळापत्रकं आखण्याचं काम करायचा. त्याची बॅग सगळ्यात आधी भरून झाली होती.

"काका, मला बुद्धिबळात घोडा सोडून काही कळत नाही, आणि घोडाही फक्त दिसायला कळतो. ती काय सोडवते, कधी सोडवते, मला माहीत नाही."

"पण ती म्हणते काय?"

"तेच तर. काही म्हणत नाही. मी बाबांशी भांडायला उठलो तर हात धरून खाली बसवलं. म्हणाली, बाबांना काही बोलू नकोस, त्यांना आत्ता त्रास नको."

"त्रास तुला झालाय की त्यांना?"

"मीही तेच विचारलं," मुलगा म्हणाला.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. वजीरफेक्यांनी उचलला, ऐकला, आणि आपटला.

"डोळ्यांच्या दवाखान्यातून होता. उद्या सकाळची वेळ घेतलीय म्हणे माझ्यासाठी, आणि तातडीची. कोणी घेतली? सूनबाईंनी. आज सकाळी. चोर ती, आणि डोळे तपासायचे माझे. जाता जाता टोमणा मारतेय मला."

"आधी कधी नेलं होतं तिने तुला?"

"मागच्या वर्षी. मला काहीही होत नव्हतं. एके दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून आली आणि म्हणाली, बाबा, चला. मुलासारखं दंडाला धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढलाय, वेळेवर आलात, आणखी उशीर झाला असता तर नजर कायमची गेली असती. तेव्हापासून रोज थेंब घालतोय."

"तुला काही होत नव्हतं, तर तिला कसं कळलं?"

वजीरफेक्यांनी खांदे उडवले. "कळलं असेल. विचारलं नाही."

शंकासुराने कोपऱ्यातली आपली छत्री उचलली. नोकरीत तो हाताखालच्यांना नेहमी एक गोष्ट सांगायचा: धूर दिसल्याशिवाय कोणी आगीचा बंब बोलवत नाही, आणि बोलावला असेल तर त्या माणसाला आधी भेटा.

४

मंडळ दुपारी रिकामं असायचं. जिन्यातल्या पटावर स्पर्धेचं कोडं तसंच होतं आणि त्यासमोर वकीलसाहेब एकटेच उभे होते.

"अहो शंकासूर, या. तुम्हाला कळायचं नाही, पण या."

"कळेल असं दाखवा."

वकीलसाहेबांना बोलायला निमित्तच हवं होतं. "हा काळा राजा, कोपऱ्यात. त्याच्या अंगाला लागून दोन प्यादी, एक घर सोडून त्याचा हत्ती शेवटच्या रांगेवर पहारा करतोय. पांढऱ्याचा वजीर राजासमोरच्या पट्टीत. लांबवर उंट, इकडे हत्ती, आणि हे एक प्यादं. आता वजिराने राजाच्या तोंडासमोरचं प्यादं मारलं. शह. राजाला वजीर खाल्ल्याशिवाय गत्यंतर नाही. खाल्ला. एक घर बाहेर आला. आता हत्ती सरकून त्याच पट्टीत. शह. पुढे-मागे हत्तीची वाट. तिरपं मागे जावं तर लांबचा उंट. शेजारी त्याचंच प्यादं. राहिलं तिरपं पुढचं घर. तिथून निसटतो तो. वजीर गेला आणि राजाही गेला."

"आणि हे प्यादं एक घर उजवीकडे असतं तर?"

वकीलसाहेबांनी हात वर करून ते प्यादं सरकवलं, आणि पुढे वाकून बघितलं.

शंकासुराला बुद्धिबळ येत नव्हतं, पण दार बंद झाल्याचं त्यालाही दिसलं. सगळ्यात लहान मोहरा त्या शेवटच्या घरावर नुसता नजर ठेवून उभा होता. त्याने काही मारलं नव्हतं, तो कुठे हलला नव्हता. पटावरची सगळ्यात मोठी ताकद समोर धारातीर्थी पडली होती, आणि तिच्या पडण्याला अर्थ होता तो केवळ या एवढ्याशा प्याद्याच्या तिथे असण्याने. आता तो पटावर कुठेही बघे, तिथे कोणी ना कोणी काहीतरी धरून उभा होता. काळा हत्तीसुद्धा; तो नसता तर वजिराने मागच्या रांगेत शिरून कोडं एका चालीत संपवलं असतं. काहीही जास्तीचं नव्हतं. एक मोहरा उचलला असता तर सगळं कोसळलं असतं. शंकासुराला एकदम आठवलं, हा माणूस पूल बांधायचा.

आंघोळ करताना, तो मनात म्हणाला. साबण लावताना.

"रिकामा कोणीच नाही," तो मोठ्याने म्हणाला.

"पांढरा राजा सोडून," वकीलसाहेब म्हणाले. "त्याला पटावर ठेवावंच लागतं. अध्यक्षांसारखं आहे ते." मग त्यांनी घसा खाकरला. "देखणं आहे हो. म्हणूनच वाईट वाटतं. रविवारी त्याने लावताना घर चुकवलं. आणि हे पहिल्यांदा नाही. मागच्या वर्षी एक कोडं होतं, उंटाचं. मी अख्खी सुट्टी घालवली. उत्तरच निघेना. पुढच्या आठवड्यात त्याने उत्तर लावलं, ते त्या पटावर चालतच नव्हतं. उंट शेजारच्या घरात पडला होता. मी बोललो नाही. पण समितीत मी सांगून ठेवलंय, आणखी एकदा असं झालं तर पट त्याच्याकडून काढून घ्या. कॉम्प्युटर कोडी देतो हल्ली. त्याला चष्मा नाही."

"त्या उंटाच्या कोड्याचं उत्तर पेटीत कोणी टाकलं होतं का?"

"टाकलं होतं की. एकानेच, बिननावाने. त्याच्या उत्तराशी तंतोतंत जुळणारं. म्हणून तर तो आपलं कोडं बरोबर होतं म्हणून मिरवत राहिला."

"आणि हे कधी झालं?"

वकीलसाहेबांनी आठवून सांगितलं. शंकासूर जिन्याच्या पायरीवर बसला. तो नेमका तोच आठवडा होता, ज्यात सुनेने सासऱ्याला दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं.

५

मंडळाच्या त्याच इमारतीत, तळमजल्यावर, दातांच्या कवळ्या बनवण्याची प्रयोगशाळा होती. सून तिथे कामाला होती. रोज दुपारी डबा खायला ती वरच्या गच्चीवर जायची, म्हणजे रोज तो पट ओलांडून जायची. शंकासूर आत गेला तेव्हा ती तोंडावर मास्क लावून एक खालची कवळी घासत होती.

"काका, मला काही विचारू नका," ती मान वर न करता म्हणाली. "हे एवढं पूर्ण करून निघायचंय. आजींना उद्या दात हवेत, नातीचं लग्न आहे."

"विचारत नाही. बघतो नुसता."

त्याला खरंच बघावंसं वाटलं. तिने खालची कवळी वरच्या कवळीवर टेकवली, मध्ये निळा कागद सरकवला, दाबला, उचलला. जिथे दात दाताला भिडला तिथे निळा ठिपका उमटला होता. एका दातावर ठिपका नव्हता.

"हा चुकला?" त्याने विचारलं.

"हा दिसायला चांगला आहे," ती म्हणाली. "पण त्याच्यासमोर कोणी नाही. नुसता उभा आहे. आजींना कळणार नाही, त्या म्हणतील छान बसल्यात. मला दिसतं." तिने तो दात केसाएवढा सरकवला, पुन्हा कागद दाबला. ठिपका आला.

शंकासूर तो ठिपका बघत राहिला. मग उठला.

"काका," ती पहिल्यांदाच वर बघून म्हणाली, "आम्ही गेल्यावर उद्या बाबांना डॉक्टरकडे कोण नेईल? आईंना तिथले जिने जमत नाहीत. तुम्ही न्याल? मी सांगितलं म्हणून सांगू नका. येणार नाहीत ते."

"कशासाठी न्यायचं?"

तिने मास्क पुन्हा वर ओढला. "वय झालं की तपासून घ्यावं," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

बाहेर रस्त्यावर येईपर्यंत शंकासुराला सगळं कळलं होतं. तो इतक्या घाईने निघाला की छत्री तिथेच विसरला, आणि त्याच्या बायकोने नंतर यालाच खरा पुरावा मानलं. हा माणूस जन्मात कधी छत्री विसरला नव्हता.

६

बॅगा दाराशी लागल्या होत्या. सून कामावरून आली होती, मुलगा रिक्षा बघायला निघाला होता. शंकासुराने त्याला थांबवलं, वजीरफेक्यांना हाताला धरून सुनेच्या खोलीबाहेरच्या खुर्चीत बसवलं, आणि म्हणाला, "तू इथे बस. बोलायचं नाही. तुला हं म्हणायची सवय आहे, तेही म्हणू नकोस."

मग तो मुलाला घेऊन आत गेला. दार त्याने उघडंच ठेवलं.

"सूनबाई, मी एकच गोष्ट सांगायला आलोय. स्पर्धेच्या पटावर ते प्यादं एक घर डावीकडे होतं. ते बाबांनी मुद्दाम तिथे ठेवलं होतं. चोर पकडायला म्हणून."

ती घडी घालत होती. हात थांबले. "मुद्दाम?"

"मुद्दाम. लावताना चुकलं नाही. मला स्वतः सांगितलंय. तो फरक त्याच्या डोक्यातून आला, डोळ्यांतून नव्हे."

ती बंद बॅगेवरच बसली.

"म्हणजे डोळे बरे आहेत त्यांचे?"

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली. "मला वाटलं पुन्हा सुरू झालं. रविवारपासून मी झोपले नाही, काका. मला वाटलं या वेळी उशीर झाला."

"अगं," नवरा म्हणाला, "त्यांनी तुला चारचौघांत चोर म्हटलं."

"ऐकलं मी. पण दिसतंय ना त्यांना नीट."

शंकासूर दाराकडे वळला. खुर्ची रिकामी होती. वजीरफेके केव्हाच उठून चौकटीत येऊन उभे होते.

"तुझ्यासाठी सोपं करून सांगतो," शंकासूर म्हणाला. "उत्तर चोरणारा पट बघत नाही. त्याला गरजच नसते. म्हणून पटावर काय चुकलंय ते चोराला कधी कळत नाही. मागच्या वर्षी तुझा उंट शेजारच्या घरात पडला होता."

"माझा? शक्य नाही."

"वकिलाला विचार. अख्ख्या मंडळात एकाच माणसाने तुझ्या मनातलं उत्तर दिलं, बिननावाने. त्याच आठवड्यात एकाच माणसाने ओळखलं की तुला दिसत नाहीये, आणि तुला उचलून डॉक्टरकडे नेलं. धूर कुठे दिसला असेल? तू कुठे ठेचकाळला नव्हतास, काही सांडलं नव्हतंस. तुला काही होत नव्हतं, असं तूच म्हणालास. फक्त एक उंट सरकला होता. आणि ते जिला दिसलं ती चोर असू शकत नाही, कारण तिने उत्तराच्या आधी चूक पाहिली."

वजीरफेक्यांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि सुनेकडे असं बघितलं जसं नदीच्या पलीकडून कोणीतरी अर्धा पूल बांधत आलेला असावा आणि तो आपल्या अर्ध्याशी बिनचूक जुळावा.

"कसं कळलं तुला?" त्यांनी विचारलं. आवाज फारच लहान आला होता.

"तुमच्या कोड्यात रिकामं कोणी उभं नसतं, बाबा," ती म्हणाली. "मी वजीर कुठे पडेल ते आधी बघतच नाही. राजा कुठून पळेल ते बघते. एकेक दार. प्रत्येक दारावर तुम्ही कोणाला तरी उभं केलेलं असतं, आणि मग उरलेलं एक दार वजीर स्वतः पडून बंद करतो. रविवारी एक दार उघडं होतं आणि शेजारच्या घरात एक प्यादं हात हलवत उभं होतं. तुम्ही असं करत नाही. मी ते मनात उजवीकडे ठेवलं, आणि सगळं बंद झालं."

"मग 'मात नाही' हे बरोबर उत्तर तुला माहीत होतं."

"होतं."

"लिहिलं का नाहीस? एवढ्या लोकांत फक्त वकिलाने लिहिलं. पहिली आली असतीस."

"आणि सगळ्यांसमोर सिद्ध झालं असतं की तुम्ही पट चुकीचा लावलात," ती म्हणाली. "वकीलसाहेब त्याचीच वाट बघतायत, हे जिन्यात मी ऐकलंय. पट गेला असता तर तुम्ही काय केलं असतं? नुसती आंघोळ?"

वजीरफेक्यांच्या पत्नी मागे येऊन उभ्या होत्या. त्या पदराने तोंड झाकून हसल्या.

"बरोबर उत्तर हातात होतं आणि फेकलंस," वजीरफेके म्हणाले.

"तुमच्याच भिंतीवर शिकले."

"नाव का घालत नव्हतीस इतके दिवस?"

"मी नवीन होते तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, बाबा, मला शिकवाल का. तुम्ही म्हणालात, कोडी घरी नाहीत, भिंतीवर आहेत." ती डोळे पुसत उठली. "मग मी भिंतीवर जायला लागले. या वर्षी म्हटलं, सांगूया. म्हणून नाव घातलं."

वजीरफेके चौकटीतून बाजूला सरले, आणि त्यांच्या पत्नीने कोणाला न विचारता पहिली बॅग उचलून माळ्यावर टाकली.

७

पुढच्या रविवारी वजीरफेके सभागृहात स्टुलावर चढले.

"चोरी झाली नव्हती," ते म्हणाले. "माझं कोणीतरी वाचत होतं. मला सवय नव्हती, म्हणून ओळखलं नाही. सापळा मी लावला होता, प्यादं मी सरकवलं होतं. चूक माझी." मग ते उतरले, आणि बऱ्याच जणांच्या मते हे त्यांचं सगळ्यात लहान भाषण होतं. वकीलसाहेबांनी पट काढून घ्यायचा विषय मागे घेतला. कोणी मांडलाच नव्हता, असंही ते म्हणाले.

पण सुनेला मात्र वजीरफेक्यांनी घरात माफ कर म्हटलं नाही. पत्नीने दोनदा सुचवलं. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि पाणी प्यायले. जन्मभर माणसांशी तुळयांमधून बोललेल्या इंजिनिअरला ते वाक्य काही उभं करता येईना.

त्या आठवड्यात जिन्यात नवं कोडं लागलं. छत्री आणायला गेलेला शंकासूर त्यासमोर थांबला. भोवती गर्दी होती. वजीर यावेळी कुठे पडतो ते वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी काढलं होतं; भांडण दुसऱ्याच गोष्टीवर चाललं होतं. पटाच्या मधोमध एक पांढरं प्यादं उभं होतं. ते काही धरत नव्हतं, काही अडवत नव्हतं, कोणाच्या वाटेत नव्हतं. काढलं तरी मात तशीच्या तशी होत होती.

"म्हातारा पुन्हा चुकला," एक जण म्हणाला.

"काहीतरी खोल असणार त्यात," दुसरा म्हणाला. "अजून सापडलं नाही इतकंच."

शंकासुराने घर पाहिलं. स्पर्धेच्या दिवशी जिथे ते प्यादं सरकवून ठेवलं होतं, अगदी तेच घर. आत्ता ते तिथे एकटं, रिकाम्या हाताने, सगळ्यांच्या देखत उभं होतं, आणि जिन्यातून जाणाऱ्या शंभर माणसांत फक्त एकीलाच कळावं म्हणून उभं होतं. त्याने नकळत हातातली छत्री खाली टेकवली, जशी आपण मोठ्या माणसासमोर टेकवतो.

शनिवारी वजीरफेक्यांनी पेटी उघडली तेव्हा तो शेजारी होता. एकेक चिठ्ठी वाचून ते बाजूला ठेवत होते. एक चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, घडी केली आणि छातीच्या खिशात ठेवली. शंकासुराने हात पुढे केल्यावर मात काढून दिली. याला पुराव्याशिवाय झोप लागत नाही हे त्यांना माहीत होतं.

वर स्वच्छ अक्षरात नाव होतं. खाली दोन चाली, बिनचूक. आणि त्याखाली एक ओळ:

"मधलं प्यादं पोचलं, बाबा. आता उचला."